राजीनाम्याच्या कागदामागे

बंगळूरच्या बाह्य वळण रस्त्यावर, बेळ्ळंदूरच्या आसपास, माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. पंधरा-वीस वर्षे इमानेइतबारे राबलेला, पण आता कामात मागे पडू लागलेला कर्मचारी ठेवावा की काढावा, या प्रश्नास तेथील व्यवस्थापकीय परिभाषेत ‘नैतिक पेच’ म्हणतात.

पेच सर्वस्वी खोटा नाही. निर्णय कळविणारा गटप्रमुखही पगारदारच असतो. मागे पडलेल्याचे काम शेजारच्या दोघांच्या माथी येते आणि त्यांची कुरकूर युनियनच्या कानांवरही पडते. तिला मालकधार्जिणी ठरवून मोकळे होणे हा निव्वळ आळस होय. परंतु हा माणूस मागे पडला कसा? एकाच ग्राहकाची जुनी प्रणाली सांभाळण्यास त्याला वर्षानुवर्षे जुंपले, कारण त्यातच कंपनीचा नफा होता. नवे शिकण्यास कामाच्या वेळेतील एक तासही दिला नाही. यंत्राचा घसारा हिशेबवहीत धरला जातो. या झिजेची नोंद मात्र वार्षिक मूल्यमापनात कर्मचाऱ्याचाच दोष म्हणून होते.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कुऱ्हाड मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींवर, अर्थात दीर्घ सेवा झालेल्यांवर होती. २०१७ साली टेक महिंद्रातील एका संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत राजीनामा द्या, असे कर्मचाऱ्यास त्यात बजावले जात होते. वरिष्ठांनी पुढे माफी मागितली.

राजीनाम्याचाच आग्रह का? कपात म्हटली की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार देणे येत असे. शिवाय सामान्यतः शेवटी आलेला प्रथम जात असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तत्त्वे आहेत. ‘स्वखुशीच्या’ राजीनाम्याने ती सारी निकालात निघतात. त्यातच ‘मॅनेजर’ अशी पाटी लावून कर्मचाऱ्यास कामगाराच्या व्याख्येबाहेर ढकलले जाते. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहावे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले असूनही! कर्नाटक सरकारने २०१४ साली या उद्योगास स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट दिली व २०१९ आणि २०२४ साली ती वाढविली. तिन्ही वेळी काँग्रेस सत्तेत वा सत्तेची भागीदार होती, हे भाजपवर टीका करतानाही विसरता येणार नाही.

कर्नाटक राज्य आयटी/आयटीईएस कर्मचारी युनियन २०१७ पासून या क्षेत्रात उभी आहे. तिच्या व तिच्यासारख्या संघटनांच्या सभासदांनी अशा सहकाऱ्याच्या बाजूने नेमके काय मागावे, हे आधीच ठरविले पाहिजे: उणिवा लेखी कळवाव्यात, उत्तर देण्याची संधी द्यावी, कामाच्या वेळेत प्रशिक्षण द्यावे, त्याच पगारावर झेपेल असे काम द्यावे आणि तोवर शेजाऱ्यांवरील बोजा वाटून घेण्यास जादा माणूस नेमावा. ही शेवटची मागणी सोडली तर शेजारी आपल्या बाजूस राहणार नाहीत. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे खरा. पण तो कपात झाल्यावर, शेवटच्या पगाराच्या हिशेबाने, १५ दिवसांचा.