वेगाचा हुकूम आणि त्याची तामिली

प्रोसेसरला लागणारी वीज त्याच्या वारंवारतेच्या प्रमाणात वाढते हे खरे, परंतु त्याहून अधिक ती त्याला पुरविलेल्या विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि वेग उतरला की दाबही उतरविता येत असल्यामुळे, काम हलके असता वेग आवरणे व भार येताच तो तत्काळ वाढविणे ही काटकसर हातातील फोनपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र फलदायी ठरते. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हा कारभार ‘सीपीयूफ्रीक’ या विभागाकडे आहे. किती वेग असावा याचा निर्णय तेथे ‘गव्हर्नर’ करतो आणि तो निर्णय सिलिकॉनपर्यंत पोहोचविण्याचे काम ड्रायव्हर करतो. या ड्रायव्हरची परीक्षा आज ज्या रीतीने होते ती अपुरी आहे, आणि ती पुरती करण्याची जबाबदारी प्रथम प्रोसेसर विकणाऱ्यांची व त्यामागोमाग ते सार्वजनिक पैशाने विकत घेणाऱ्यांची आहे, असे माझे निश्चित मत आहे.

परीक्षाच होत नाही असे मात्र नव्हे. या विभागाचे एक पालक विरेश कुमार यांनी सिद्ध केलेल्या आणि कर्नलबरोबरच मिळणाऱ्या चाचण्या प्रत्येक वारंवारता आळीपाळीने मागून पाहतात, एकेक कोर बंद करून पुन्हा सुरू करतात, यंत्राला निद्रिस्त करून जागे करतात, आणि अनेक प्रक्रिया एकाच वेळी गव्हर्नर बदलू लागल्या असता गाभा कोठे अडकून पडतो की काय याचाही शोध घेतात. एएमडी कंपनीचा ‘एएमडी-पीस्टेट’ ड्रायव्हर २०२२ साली कर्नलच्या ५.१७ या आवृत्तीत दाखल झाला, आणि त्याच्यासाठी आलेले स्वतंत्र चाचणी-मॉड्यूल कमाल, नेहमीची व किमान वारंवारता यांचे आकडे योग्य क्रमाने लागतात की नाही हे तपासते. परंतु या सर्व खटाटोपातून सिद्ध होते ते एवढेच, की ड्रायव्हर कोसळत नाही आणि त्याचे दप्तर सुसंगत आहे. दप्तरात नोंदलेला वेग आणि प्रत्यक्ष चाललेला वेग एकच आहेत, किंवा मागितलेला वेग मुळात योग्य होता, याची ग्वाही त्यातून मिळत नाही.

५.११ या आवृत्तीचा इतिहास या दृष्टीने मोलाचा आहे. एएमडीच्या प्रोसेसरांवर कामाचा भार मोजताना त्यांची ‘बूस्ट’ वारंवारता, म्हणजे नेहमीच्या वेगाहून वर तात्पुरता गाठता येणारा वेगही हिशेबात धरावा, अशी सुधारणा त्या आवृत्तीत झाली होती आणि ती तत्त्वतः योग्यच होती. परंतु वेग मागणाऱ्या जुन्या ‘एसीपीआय-सीपीयूफ्रीक’ ड्रायव्हरच्या कोष्टकात बूस्टचा उल्लेखच नसल्यामुळे, भार मोठ्या मापाने आणि वेग लहान मापाने मोजला जाऊ लागला, व ‘शेडयुटिल’ हा गव्हर्नर हवा त्याहून कमी वेग मागू लागला. गाभा कोसळला नाही, कोठेही दोषाची नोंद उमटली नाही; यंत्रे केवळ मंदावली. हे उघडकीस आले ते ‘फोरोनिक्स’ या संकेतस्थळाचे संपादक मायकेल लाराबेल यांनी प्रकाशनपूर्व आवृत्तीवर खऱ्या यंत्रांत खरे काम चालवून वेळ मोजला म्हणून. मग सीपीयूफ्रीकचे दुसरे पालक राफाएल विसोत्स्की यांनी कोष्टकात बूस्टची भर घातली, आणि १४ फेब्रुवारी २०२१ रोजी दुरुस्त आवृत्ती बाहेर पडली. एका जागरूक संपादकाच्या परिश्रमावर इतकी मोठी गोष्ट अवलंबून राहावी, हे कोणत्याही व्यवस्थेला शोभणारे नाही.

प्रत्यक्ष वेग मोजणे अशक्य असते तर ही तक्रार व्यर्थ ठरली असती. परंतु आजच्या इंटेल व एएमडी प्रोसेसरांत दोन गणक असतात, त्यांतील एक ठरावीक गतीने आणि दुसरा प्रत्यक्ष गतीने वाढतो, व त्यांच्या गुणोत्तरावरून खरा वेग कळतो. ऊर्जेचाही हिशेब प्रोसेसर स्वतःच ठेवतो. असे मापन आता अधिकच निकडीचे झाले आहे, कारण २०१५ सालच्या ‘स्कायलेक’ पिढीपासून इंटेलचा प्रोसेसर वेगाचा अंतिम निर्णय स्वतःच घेऊ शकतो, आणि तेथे ड्रायव्हरचा हुकूम हा हुकूम न राहता मर्यादा व पसंती कळविणारा अर्ज होतो. अर्ज लिहिला गेला एवढे पाहून त्याचा निकाल काय लागला हे समजत नाही. दुर्दैवाने स्वयंचलित परीक्षेचा बराच भाग आभासी यंत्रांवर चालतो, जेथे वेगाचे नियंत्रण पाहुण्या प्रणालीच्या हाती बहुधा नसतेच. तेथे चाचणी, आपल्या ताब्यात एकही प्रोसेसर नाही असे नोंदवून, निमूटपणे परत फिरते.

एएमडीनेच पुढे दर वॅटमागे किती काम झाले हे मोजणाऱ्या चाचण्याही कर्नलला दिल्या, ही योग्य दिशा आहे, आणि तो प्रत्येक उत्पादकाचा परिपाठ व्हावयास हवा. आपल्याकडे याची तजवीज करण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सह राष्ट्रीय महासंगणन अभियानातील यंत्रे लिनक्सवर चालतात, आणि ती उभारणाऱ्या सी-डॅकचे मुख्यालयही पुण्यातच आहे. अशा यंत्रांच्या निविदेत एक कलम घालता येईल: पुरवठादाराने प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरवर, निरनिराळ्या भाराखाली, मागितलेला वेग, गणकांनी दाखविलेला वेग, झालेले काम आणि खर्ची पडलेली ऊर्जा यांचा तक्ता यंत्र ताब्यात देण्यापूर्वी सादर करावा, कर्नलची आवृत्ती बदलेल तेव्हा तो नव्याने द्यावा, आणि त्यात तफावत आढळल्यास तिची कैफियत ड्रायव्हरच्या पालकांकडे जाहीरपणे रुजू करावी.