मिळाले किती आणि उरले किती?

वार लावून शिकणे म्हणजे काय, हे हल्ली वर्गात समजावून सांगावे लागते. एके काळी कोकणातून किंवा देशावरून पुण्याला शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा सात घरे धरीत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याच्या जेवणाची सोय लागे. सातही वार लागले की मुलाचे शिक्षण मार्गी लागले असे घरचे समजत. पण सहाच लागले तर? सहा घरच्या माउल्यांनी कितीही मायेने वाढले, तरी सातव्या दिवशी पोरगा उपाशीच. इतर जातींच्या मुलांना तर हे सहा वारही नव्हते. म्हणूनच कोल्हापुरात शाहू महाराजांना १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे काढावी लागली.

पूर्ण शिष्यवृत्ती कशाला म्हणावे, याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. सातवा वारही लागलेला असणे म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती. बाकी सगळ्या अपूर्ण, मग त्यांचे नाव कितीही भारदस्त असो.

आपल्या मध्यमवर्गीय घरांची गंमत अशी की, शिष्यवृत्ती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी मान येतो, पैसा मागून. याला आपला इतिहासही कारणीभूत आहे. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारा मुलगा पुढे आयुष्यभर त्याच नावाने ओळखला जाई. चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ साली मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, तरी मराठी माणूस त्यांची ओळख करून देताना ती शिष्यवृत्ती सांगितल्याशिवाय राहत नसे. ही झाली मानाची शिष्यवृत्ती. तिची किंमत रुपयांत करायची नसते.

दुसरी असते पोटाची. तिची किंमत रुपया-आणे-पैत करावीच लागते. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला पाठवले, ते दरमहा साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. रक्कम, मुदत आणि अट या तिन्ही गोष्टी त्या कागदावर स्पष्ट होत्या. त्या शिष्यवृत्तीने कोलंबिया विद्यापीठ दाखवले हे खरे. पण मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धाच झाला होता. १९१७ साली तो तसाच टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा कोणी देईना. लंडनला पुन्हा जायला १९२० साल उजाडले. त्यासाठी सिडनॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून पैसे साठवावे लागले आणि शाहू महाराजांची मदत घ्यावी लागली. एवढ्या अलौकिक बुद्धीच्या माणसालाही मुदतीने अडवले. मग तुमच्या-आमच्या मुलांनी ती न वाचून कसे चालेल?

हे सारे आठवायला निमित्त झाले एका मुलीचे. ती अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, पहिल्या वर्षी माझ्याकडे मराठीला होती. वडील एका पतपेढीत कारकून, डोंबिवलीला दोन खोल्यांचे स्वतःचे घर. पदवीनंतर तिने परदेशातल्या एका विद्यापीठात अर्ज केला. प्रवेश मिळाला आणि पत्रात ठळक अक्षरांत लिहिलेले, की आपल्या गुणवत्तेची दखल घेऊन आपणास शिष्यवृत्ती देण्यात येत आहे. घरात पेढे आले. वडील ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, आमच्या घराण्यात शिष्यवृत्ती मिळवणारी ही पहिलीच. आता मागे सरणे बरे दिसत नाही. घर गहाण टाकतो."

बरोबर तिची आईही होती. इतका वेळ ती गप्प बसली होती. तिने विचारले, "सर, शिष्यवृत्ती किती ते यांनी सगळ्या चाळीला सांगितले. पण उरलेले किती, ते मला कोणी सांगेल का?"

मी मराठीचा मास्तर. पण बेरीज-वजाबाकी येते. दोन वर्षांची फी, राहणे, जेवण, विमा, जाणे-येणे मिळून ६२ लाख रुपये. शिष्यवृत्ती १४ लाखांची. उरले ४८ लाख. दहा वर्षांच्या मुदतीने, अकरा टक्क्यांनी कर्ज काढले तर महिन्याला ६६ हजारांचा हप्ता. वडिलांचा पगार ५२ हजार.

त्याच सुमारास तिच्याच वर्गातला एक मुलगा जर्मनीला निघाला होता. त्याला कसलीच शिष्यवृत्ती नव्हती. पण तिकडच्या बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, किरकोळ सत्रशुल्क असते. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत आधी अडकवून ठेवावे लागतात, आणि तेच पुढे महिन्याकाठी खर्चाला मिळतात. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर दोन वर्षांचे साधारण २४ लाख होतात. म्हणजे शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलीच्या घरावर जेवढे ओझे पडणार होते, त्याच्या निम्मेच शिष्यवृत्ती न मिळालेल्या मुलाच्या घरावर पडले. आता सांगा, पेढे कोणी वाटायचे?

काही विद्यापीठे फी आधी भरमसाट ठेवतात आणि मग तीतून थोडी सूट देऊन तिला शिष्यवृत्ती म्हणतात. आपल्याकडे साडीच्या दुकानातही दिवाळीला हेच चालते. तिथे आपण फसत नाही, कारण भाव माहीत असतो. इथे भाव माहीत नसतो आणि समोर मुलीचे कौतुक असते.

त्या घरात दोन दिवस चूल पेटली न पेटली अशी अवस्था होती. तिसऱ्या दिवशी मुलीनेच नकार कळवला. पुढे तिने एक नोकरी धरली आणि संध्याकाळी अर्ज लिहू लागली. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस म्हणून योजना आहे. निरनिराळ्या देशांतली विद्यापीठे मिळून एक अभ्यासक्रम चालवतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला फी माफ होऊन दरमहा १,४०० युरो मिळतात. पहिल्या वर्षी ती प्रतीक्षायादीवर राहिली. दुसऱ्या वर्षी निवड झाली. विमानाचे तिकीट तेवढे घरून काढावे लागले, कारण भत्ता तिकडे पोहोचल्यावर सुरू झाला. तेवढाच काय तो वडिलांचा खर्च. घर अजून त्यांच्याच नावावर आहे.

तेव्हा सातवा वार लागलेल्या जागा आहेत कुठे? त्या थोड्या आहेत, पण आपण समजतो तितक्या थोड्या नाहीत.

पहिली जागा सरकारची. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवे. फी, निर्वाहभत्ता, विमानभाडे, व्हिसा आणि विमा हे सगळे तीत येते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना अनुसूचित जातींतल्या मुलांना परदेशी पाठवते. इतर समाजघटकांसाठी आणि खुल्या प्रवर्गातल्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांसाठीही वेगळ्या योजना आहेत.

दुसरी जागा परदेशी सरकारांची आणि न्यासांची. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलते. मात्र आधी दोन वर्षांच्या नोकरीचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याचे वचन द्यावे लागते. ऑक्सफर्डला ऱ्होड्स आहे, केंब्रिजला २००० साली सुरू झालेली गेट्स आहे. या दोन्ही पूर्ण आहेत, आणि चुरसही तशीच आहे.

तिसरी जागा बारावीच्या मुलांसाठी. अमेरिकेतल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी मुलाचा अर्ज वाचतानाही त्याच्या बापाच्या खिशाकडे पाहत नाहीत. प्रवेश दिला की कुटुंबाची ऐपत तपासून जेवढे कमी पडते तेवढे सगळे देतात. तिथे प्रवेश मिळणे महाकठीण. पण मिळाला तर पैशापायी तो सोडावा लागत नाही. अमेरिकेतल्या इतर बहुसंख्य ठिकाणी मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो, हे मुलांना आधी माहीत असावे.

चौथी जागा अशी, की तिला कोणी शिष्यवृत्ती म्हणतच नाही. अमेरिकेत पीएच.डी.ला घेतलेल्या विद्यार्थ्याला बहुधा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनात हातभार लावण्याच्या बदल्यात दरमहा वेतन मिळते. एम.एस.ला मात्र ही सोय क्वचित असते. आपली मुले कर्ज काढून एम.एस.ला धावतात आणि ज्याची संशोधनाची खरी ओढ आहे, त्यालाही हे दार कोणी दाखवत नाही.

आणि परदेश म्हणजेच शिक्षण असे थोडेच आहे? आयआयटीत वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असलेल्या घरातल्या मुलाला शिकवणीची सगळी फी माफ आहे, १ ते ५ लाखांपर्यंत दोनतृतीयांश. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक व सामाजिक दुर्बल घटकांतल्या मुलींची शिकवणीची आणि परीक्षेची फी शासन भरते. खोली आणि खानावळ मात्र उरतेच. म्हणून तिथेही सातवा वार शोधावा लागतो. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था खेड्यातल्या मुलांसाठी नेमके हेच काम करीत आल्या आहेत. "मराठी घेऊन काय मिळते?" असे मला दर वर्षी पालक विचारतात. त्यांना मी शांतपणे सांगतो, की नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधकवृत्ती मिळवली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि ती मराठीतही मिळते. मग पालक माझ्याकडे जरा आदराने पाहू लागतात.

आता वेळेचे. आपल्या घरांतला क्रम ठरलेला: आधी निकाल, मग पेढे, मग पुढे काय याचा विचार. शिष्यवृत्त्यांचा क्रम उलटा आहे. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्षाचे अर्ज आदल्या दिवाळीच्या आगेमागेच जातात. चीव्हनिंगची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते, अमेरिकी विद्यापीठांची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, इरॅस्मसचे अर्जही थंडीतच. जून महिन्यात गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलाला मी पुढच्या वर्षीची तारीख सांगतो आणि त्याचा चेहरा पडतो. शिवाय उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पारपत्र ही कागदपत्रे एका दिवसात निघत नाहीत.

शिफारसपत्राचीही तीच गोष्ट. "सर, उद्या शेवटची तारीख आहे, तुम्ही मला ओळखताच," असे म्हणणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतो. ओळखतो मी जरूर. पण त्याने काय वाचले, कशासाठी झटला, हे त्याने सांगितले तरच मला लिहिता येईल. "हुशार आणि होतकरू" एवढ्यावर कोणी लाखो रुपये देत नाही. आणि अर्जातला तो निबंध! आमची मुले गाईडातल्या निबंधासारखे लिहितात: लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे. वाचणाऱ्यापुढे अशा आवडींचा ढीग पडलेला असतो. पाणी का येत नाही म्हणून आपल्या गल्लीत चार महिने नोंदी ठेवल्या, असे कोणी लिहिले तर तो थांबतो. ते चार महिने मात्र खरेच घालवलेले असावे लागतात.

एक सावधगिरीची गोष्ट. विद्यापीठाच्या अर्जाला शुल्क असते, परीक्षेलाही असते. पण "शिष्यवृत्ती मंजूर झाली, ती सोडवायला आधी एवढे भरा" असे कोणी म्हणाले तर तिथून सरळ उठावे. देणारा घेत नसतो.

पत्र हातात आले की आनंद जरूर करा. आनंदाला कोण नको म्हणतो? पण पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक पेन्सिलही आणा आणि तीन गोष्टी लिहून काढा: मुदत अभ्यासक्रमाएवढी आहे का, अट कोणती आहे, आणि वजाबाकी करून खाली काय उरते. उरलेला आकडा आपल्या पगाराला पेलणारा असेल तर खुशाल जावे. नसेल तर नकार देण्यात कमीपणा नाही. एक वर्ष थांबणारी मुलगी मागे पडत नाही. दहा वर्षे हप्ते फेडणारा बाप मात्र खचतो, आणि ते पाहत शिकणारी मुलगीही.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी वही आणतो आणि तिच्यावर कुंकू वाहतो. यंदा तिच्यातले एक पान मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवा. मिळणार किती, ते मुलांना लिहू द्या. उरणार किती, ते लिहायला घरातल्या आईला बसवा. तिची वजाबाकी चुकत नाही.