एक किलो तांदूळ, तीन घरे



दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला माहेरी गेले, तेव्हा सातवीतील भाचीने मोठ्या कौतुकाने आपला शालेय प्रकल्प दाखविला. विषय होता ‘अन्नधान्य व बाजारपेठ’. तक्त्यावरील चित्रे स्टेशनरीच्या दुकानातून आयती आणलेली, मजकूर संगणकावरून छापून घेतलेला आणि चिकटविण्याचे काम वहिनींनी रात्री अकरा वाजता उरकलेले. गुण दहापैकी नऊ. त्यातील एका वाक्याने मात्र मी थबकले. ‘मध्यस्थ व्यापाऱ्यांमुळे वस्तूंचे भाव वाढतात,’ असे तिने लिहिले होते. लिहिणारी मुलगी ज्या घरात बसली होती, त्याच्या तळमजल्यावर आमचे तीन पिढ्यांचे किराणा-भुसाराचे दुकान आहे.

“मध्यस्थ म्हणजे कोण गं?” मी विचारले. तिला सांगता आले नाही. त्यात तिचा दोष नव्हता. सामाजिक शास्त्रे शिकविण्यात माझे आयुष्य गेले आणि असे कितीतरी तक्ते मीही निमूटपणे तपासून गुण देऊन परत केले आहेत.

तेव्हा एक जुना प्रयोग आठवला. अमेरिकेतील डेव्हिड वॉर्लिक या शिक्षकाने १९८७ मध्ये ‘ग्लोबल ग्रोसरी लिस्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. आजच्यासारखे महाजाल सामान्यांच्या हाती यायचे होते. संगणकावरून पत्रे पाठविण्याची सोय थोड्यांनाच होती. कल्पना अगदी साधी होती. मुलांनी जवळच्या दुकानात जायचे, ठरलेल्या यादीतील जिनसांचे भाव टिपायचे आणि ते इतर गावांतील, इतर देशांतील वर्गांना कळवायचे. सर्वांचे भाव एकत्र आले की फरक का पडला, याचा शोध घ्यायचा. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील व मॉस्कोतील शाळा संगणकाने जोडून ‘आयअर्न’ या जाळ्याची सुरुवात झाली. शीतयुद्ध संपलेले नसताना दोन्हीकडची मुले एकत्र काम करीत होती! पण आम्हा दुकानदारांच्या घराला भावांची यादी अधिक जवळची.

आमची मंडळी तीन ठिकाणी विखुरलेली आहेत. धाकट्या बहिणीचे घर बंगळुरूला, चुलतभावाचे न्यू जर्सीत. तिन्ही घरांतील मुलांसाठी एक सामायिक गूगल शीट उघडून दिली. सहा जिनसा ठरल्या: तांदूळ, तूरडाळ, साखर, मीठ, शेंगदाण्याचे तेल, दूध. प्रत्येकाने आपापल्या गावचा भाव स्वतः जाऊन टिपायचा आणि दुसऱ्याच्या आकड्यावर शंका आली तर तेथेच विचारायची.

पहिल्याच जिनशीने सर्वांना अडविले. तांदूळ म्हणजे कोणता? सोलापूरने कोलम लिहिला, बंगळुरूने सोना मसुरी, न्यू जर्सीने बासमती. मग वजनाचा घोळ. तिकडच्या चिरंजीवाने दहा पौंडांची पिशवी पाच किलोंची धरली होती. पौंड ४५४ ग्रॅमचा, म्हणजे पिशवी जेमतेम साडेचार किलोंची. भाव दहा टक्क्यांनी चुकला. चूक पकडली ती बंगळुरूच्या मुलीने. (आमच्या वडिलांनी शेराचा किलो होताना दुकानात पाहिला होता. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते पटवून देता देता नाकी नऊ येत, असे ते सांगत.) त्यानंतर कर. आपल्याकडे छापील किंमत सर्व करांसह असते. न्यू जर्सीत तांदूळ-डाळीवर विक्रीकर नाही. पण गोळ्या-चॉकलेट घेतले तर फळीवरच्या किमतीवर ६.६२५ टक्के कर गल्ल्यावर चढतो. आणि सोलापुरात तोच तांदूळ सुटा घेतला तर जीएसटी नाही, पंचवीस किलोंपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीत घेतला तर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के. हा नियम भाचीला तिच्या वडिलांनी गल्ल्यावर बसून समजावला. नागरिकशास्त्राच्या तासाला कराचे प्रकार तिने पाठ केले होते. कर कोणाकडून, कोठे आणि केव्हा घेतला जातो, हे तिला त्या दिवशी कळले.

वॉर्लिक यांच्या मूळ यादीत अंडी आणि कोंबडीचे मांसही होते. ते ऐकून मुलांत वाद झाला: आपण त्या ओळी गाळायच्या की ठेवायच्या? मी ठेवायला लावल्या. रकाना रिकामा सोडायचा आणि शेजारी लिहायचे, ‘आमच्या दुकानात विकत नाही.’ यादी जिथे तयार होते तेथील स्वयंपाकघर तिच्यात उतरते, हे मुलांना त्यामुळे दिसले. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने १९८६ पासून एका बर्गरच्या किमतीवरून देशोदेशीच्या चलनांची तुलना चालविली आहे. भारतात त्या दुकानांतून गोमांस विकले जात नाही, म्हणून येथे कोंबडीच्या ‘महाराजा मॅक’ची किंमत धरावी लागली. जगाला एकच माप लावू पाहणाऱ्यांनाही असे थांबावे लागते.

खरा प्रसंग चौथ्या दिवशी घडला. बंगळुरूच्या मुलीने तक्त्यात प्रश्न टाकला, ‘तुमची तूरडाळ आमच्यापेक्षा इतकी स्वस्त कशी?’ भाचीने भाव गल्ल्यावर न विचारता टेबलावरच्या बिलावरून उतरविला होता, आणि ते बिल होते खरेदीचे. दुकानाचा खरेदीभाव तीन घरांपुढे आणि दोन देशांत उघडा पडला होता! बंधू संतापले. “घरचा भाव कोणी बाहेर सांगतं का? आधी पूस ते.” मुलगी रडवेली झाली. वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात हेच झाले असते, आणि बंधूंचे चुकले असे मी म्हणणार नाही. खरेदीभाव गुप्त राखणे हा धंद्याचा रिवाज आहे. पण आकडा नुसता पुसला असता तर बंगळुरूचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला असता. तिने तर त्या आकड्यावरून आलेखही काढला होता. अखेर असे ठरले की खरेदीचा आकडा काढावा, विक्रीचा लिहावा आणि खाली तारखेसह टीप द्यावी: ‘आधीची नोंद चुकून खरेदीची होती.’ टीप भाचीने स्वतः लिहिली. तीन वेळा खोडून.

त्या रात्री बंधू शांत झाल्यावर मुलीने विचारले, “मग मधले सगळे पैसे तुमचे का, पप्पा?” बंधूंनी कागद घेतला आणि एका पोत्याचा हिशेब मांडला. गाडीभाडे, हमाली, तोलाई, पोते फुटून व चाळून जाणारी घट, दुकानाचे भाडे, वीज, नोकराचा पगार, उधारीत अडकलेल्या रकमेचे व्याज. शेवटी उरलेली रक्कम पाहून ती म्हणाली, “एवढेच?” इतक्या वर्षांत तिने वडिलांना धंद्याविषयी विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा. तक्त्यावरचे ते वाक्य तिने आपणहून बदलले नाही, मीही सुचविले नाही. पण त्याखाली ‘मध्यस्थ काय काय करतो’ अशी नऊ कामांची यादी जोडली.

येथे थांबले असते तर आम्हा व्यापारी मंडळींना मोठे गोड वाटले असते. पण न्यू जर्सीच्या मुलाने पुढचा प्रश्न टाकला: मूळ शेतकऱ्याला किलोमागे किती मिळाले? बंधूंना उत्तर देता आले नाही. आमचा माल ठोक व्यापाऱ्याकडून येतो, त्याचा गिरणीकडून. त्यापलीकडे आमची नजर कधी गेलीच नव्हती. तीन पिढ्या तांदूळ विकला, पण तो कोणाच्या शेतात पिकला हे आम्हाला सांगता येईना. मुलांनी शीटमध्ये ‘शेतकऱ्याला मिळालेला भाव’ असा रकाना वाढविला आहे. तो तिन्ही घरांकडून रिकामा आहे, आणि शेजारी टीप आहे: ‘आम्हाला माहीत नाही. विचारायचे आहे.’

भात पिकविणाऱ्या भंडारा-गोंदियाकडे किंवा मावळात आपल्यापैकी कोणाचे घर, दुकान वा गिरणी असेल, आणि घरात सातवी-आठवीतील मूल असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावे. सोलापूर, बंगळुरू आणि न्यू जर्सीची तीन मुले त्या रकान्यासाठी खोळंबली आहेत.