धावती कार अचानक बंद का पडते? पेट्रोलला दोष देण्याआधी हे तपासा

चंद्रपूरहून मूलकडे जाताना लोहारा, चिचपल्लीचं जंगल लागतं. आलापल्लीहून सिरोंचाला जायचं तर सुमारे १०० किलोमीटरच्या प्रवासाचा बराचसा भाग जंगलातूनच जातो. मोबाईलची रेंज कुठे मिळते, कुठे नाही. अशा रस्त्यावर धावत्या कारचं इंजिन बंद पडणं ही नुसती गैरसोय नसते, जिवाची काळजी असते.

सध्या असं घडलं की पहिला संशय इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जातो. पण नेमक्या याच दोषासाठी कंपन्यांनी हजारो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आहेत. ही दुरुस्ती मोफत असते. अनेक मालकांना मात्र याचा पत्ताच नसतो.

कोणत्या गाड्या परत बोलावल्या?

मार्च २०२४ मध्ये मारुती सुझुकीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर परत बोलावल्या. ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात तयार झालेल्या या गाड्या. त्यांच्या फ्युएल पंपाच्या मोटरमधल्या एका भागात दोष असू शकतो आणि क्वचित इंजिन बंद पडू शकतं किंवा सुरूच होणार नाही, असं कंपनीने सांगितलं.

होंडाने एप्रिल २०२१ मध्ये अमेझ, जॅझसह ७७,९५४ गाड्या परत बोलावल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी ९० हजारांहून जास्त गाड्यांची घोषणा झाली. कारण दोन्ही वेळा फ्युएल पंपच होतं.

पंप बिघडला की काय होतं?

हा पंप पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो आणि दाबाने इंजिनकडे पेट्रोल पाठवतो. त्याच्या आत इंपेलर नावाचं छोटं चाक फिरतं. ते सदोष असेल तर पंपाचा दाब कमी होतो, कधी पंप थांबतोच. गाडी गचके खाते, पिकअप घेत नाही आणि बंद पडते.

काही वेळा थोडं थांबल्यावर ती पुन्हा सुरूही होते. म्हणून गॅरेजमध्ये नेल्यावर दोष लगेच सापडत नाही.

पंपाला थंड ठेवण्याचं कामही टाकीतलं पेट्रोलच करतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात टाकी सतत रिझर्व्हवर ठेवून गाडी चालवणं त्यामुळे पंपासाठी चांगलं नाही.

मग इथेनॉलचा काहीच संबंध नाही?

तसंही नाही. देशाने २० टक्के इथेनॉल मिश्रणाचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. मायलेज थोडं घटतं, हे सरकारलाही मान्य आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

इंजिन बंद पडण्याच्या दृष्टीने मुख्य धोका पाण्याचा आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेपेक्षा जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पंप तेच खेचतो आणि इंजिन बंद पडतं.

फरक ओळखायचा कसा? इंधनात पाणी असेल तर त्रास बहुधा टाकी भरल्यावर थोड्याच वेळात सुरू होतो आणि त्याच पंपावर भरलेल्या इतर गाड्याही बंद पडतात. जून २०२५ मध्ये रतलामजवळ मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या अशाच बंद पडल्या. तिथे डिझेलमध्ये पाणी निघालं होतं. याउलट पंप कुठलाही असो, त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर दोष गाडीत शोधायला हवा. फिल्टर, थ्रॉटल बॉडी किंवा सेन्सर यांचाही त्यात हात असू शकतो.

मालकाने काय करावं?

• आरसीवरचा चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाका किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. गाडी परत बोलावलेल्या यादीत आहे का, ते कळेल.
• गाडी सेकंड हँड असेल तर हे नक्की करा. कंपनीकडे आधीच्या मालकाचा नंबर असेल तर फोन त्यालाच जाणार.
• पेट्रोलची पावती जपून ठेवा. शंका आली तर पंपावरच घनता तपासून मागा.

रस्त्यातच बंद पडली तर?

इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होऊ शकतं. ब्रेक एक-दोनदाच नेहमीसारखा लागतो, नंतर जोर लावावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. एकदाच ठाम दाबून गाडी कडेला घ्या. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. हॅझार्ड लाईट लावा. जंगलात, विशेषतः रात्री, काचा बंद करून गाडीतच थांबा आणि ११२ वर फोन करा.

तक्रार का महत्त्वाची?

१ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. गाडी सात वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि एकाच दोषाच्या तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोहोचायला हव्यात. ही तक्रार केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदवता येते.

ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी सुरू करून घेतली की एमएच-३३ आणि एमएच-३४च्या मालकांचा प्रश्न त्या दिवसापुरता सुटतो. पण या संख्येत त्यांची गाडी मोजली जात नाही.