संस्थापकच बँड सोडतो तेव्हा...

रॉक बँड फुटला की पैसा किंवा मानापमान हीच कारणे प्रथम शोधली जातात. 'इंडियन ओशन'चे संस्थापक गिटारवादक सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, त्यामागे मात्र स्वतंत्र संगीताची ओढ होती.

सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत हा बँड उभारला. रागसंगीताकडे झुकणारी सेन यांची गिटार आणि चक्रवर्तींचे तबलावादन व गायन हा त्याचा पाया होता. २००० मधील 'कंडिसा' अल्बमने बँडचे नाव देशभर पोहोचविले. डिसेंबर २००९ मध्ये चक्रवर्तींचे निधन झाले आणि हा पायाच हादरला. पुढे नवे कलाकार आले, कार्यक्रमही सुरू राहिले. मात्र 'सुस्मित सेन क्रॉनिकल्स' हा स्वतःचा उपक्रम सेन यांना अधिक खुणावू लागला होता.

सर्वांनी मिळून चाल बांधायची, तर प्रत्येकाला आपल्या कल्पनेला मुरड घालावी लागते. बँडचे बळ त्यातच असते आणि संस्थापकाची घुसमटही. सेन यांच्या जागी निखिल राव आले, २०१४ मध्ये 'तंदानू' अल्बम निघाला. बँड टिकला, सेनही मोकळे झाले. जुन्या श्रोत्यांना मात्र त्या पहिल्या जोडीची उणीव आजही जाणवते.