गाडी सीमेपाशीच का थांबावी?

नांदुरा स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले म्हणजे एकाच लोहमार्गाची दोन टोके मनात येतात. पश्चिमेला सुमारे सव्वापाचशे किलोमीटरवर मुंबई आणि पूर्वेला साडेचौदाशे किलोमीटरच्या आसपास हावडा. मुंबईत एके काळी रोव्हर्स चषकाच्या सामन्यांसाठी कूपरेजचे मैदान ओसंडून वाहत असे. कलकत्त्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची गाठ असली की शहराला दुसरा विषय नसतो. फुटबॉलचे वेड असलेला नांदुऱ्याचा माणूस खिडकीवर तिकीट काढून या दोन्ही ठिकाणी जाऊ शकतो. परंतु १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताचा संघ ढाक्याला बांगलादेशाशी खेळला, तो सामना प्रत्यक्ष पाहावा असे येथील एखाद्या शिक्षकाच्या मनात आले असते, तर त्याचा आगगाडीचा प्रवास कलकत्त्यातच संपला असता. कलकत्ता ते ढाका हा लोहमार्ग सुमारे ३७५ किलोमीटरचा, म्हणजे नांदुरा ते मुंबई या अंतराहून पुष्कळच कमी. रूळ होते, डबे होते, इंजिने होती. गाडी मात्र नव्हती.

सीमा ही गोष्ट या भागाला अपरिचित आहे असे नव्हे. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला, तेव्हा वऱ्हाडावरील निजामाचा हक्क कागदोपत्री कायम होता आणि कारभार इंग्रजांचा होता. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड असा प्रांत झाला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश झाला. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मलकापूर सोडून गाडी बोदवडला पोचेतो प्रवासी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला असे. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नसे, कारण त्यांना कोणी झोपेतून उठवत नसे. प्रांताची सीमा आणि राष्ट्राची सीमा एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही आज ज्या सीमेवर काटेरी कुंपण उभे आहे, तीही एके काळी अशीच, झोपेत ओलांडली जाणारी होती; नव्हे, ती अस्तित्वातच नव्हती, याचे विस्मरण होऊ नये.

२९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अनवाणी पायांनी खेळणाऱ्यांनी गोऱ्या पलटणीला हरविले, ही कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. त्या दिवशी बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून माणसे लोटली आणि त्यांच्यासाठी ज्यादा आगगाड्या व स्टीमर सोडावे लागले. ती गर्दी खेळाची होती आणि राष्ट्राचीही होती. आगगाडी नसती तर ती जमलीच नसती. पुढे अनेक वर्षे पूर्व बंगालचे लोक गोआलंदोपर्यंत बोटीने आणि तेथून सियालदापर्यंत रेल्वेने कलकत्त्याला येत राहिले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट बंगाल क्लबचे नावच या ये-जा करणाऱ्या माणसांची साक्ष देते.

१९४७ मध्ये देश दुभंगला, पण गाड्या लगेच थांबल्या नाहीत, ही गोष्ट आजच्या तरुण वाचकाला कदाचित नवलाची वाटेल. १९५२ मध्ये पासपोर्टची सक्ती झाली, तरी कलकत्ता आणि पूर्व पाकिस्तान यांच्यातली वाहतूक चालूच होती. त्याच सुमारास मसूद फाखरी हा पाकिस्तानी खेळाडू ईस्ट बंगालकडून कलकत्त्यात खेळत होता आणि ज्यांची घरेदारे सीमेपलीकडे राहिली ते प्रेक्षक त्याला टाळ्या देत होते. १९६५ च्या सप्टेंबरातील युद्धाने मात्र गाड्या बंद केल्या. त्या ४३ वर्षे बंद राहिल्या. युद्ध काही आठवड्यांचे होते.

मधल्या काळात १९७१ आले. स्वाधीन बांगला फुटबॉल संघ नावाचा एक संघ त्या वर्षी भारतभर हिंडून सामने खेळला आणि मुक्तिसंग्रामासाठी त्याने निधी गोळा केला. २५ जुलै १९७१ रोजी नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर येथे त्याचा पहिला सामना झाला. भारताने बांगलादेशाला अद्याप मान्यता दिलेली नव्हती, तरी त्या मैदानावर बांगलादेशाचा ध्वज फडकला. तो फडकू देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याला निलंबन पत्करावे लागले. (नियमाच्या दृष्टीने ते योग्यच असेल, पण त्या अधिकाऱ्याचे स्मरण आज आदराने केले जाते, नियमाचे कोणी करीत नाही.) हा संघ मुंबईलाही आला होता आणि त्याच्याविरुद्ध महाराष्ट्राच्या संघातून मन्सूर अली खान पतौडी मैदानात उतरले होते. क्रिकेटचा माजी कर्णधार एका निर्वासित राष्ट्रासाठी फुटबॉल खेळतो, हे दृश्य आपल्या राज्याने पाहिलेले आहे. ढाक्याचा फुटबॉल आपल्याला परका आहे, असे म्हणण्याचा अधिकार निदान महाराष्ट्राला तरी उरलेला नाही.

१४ एप्रिल २००८ रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी, मैत्री एक्स्प्रेस धावू लागली. सुरुवातीला गेदे आणि दर्शना या सीमेवरील स्थानकांत प्रवाशांना सामानासकट उतरवून तपासले जाई आणि त्यात तास न् तास मोडत. २०१७ मध्ये ही तपासणी प्रवासाच्या दोन टोकांना हलविण्यात आली आणि प्रवास बराच आखूड झाला. त्याच वर्षी कलकत्ता ते खुलना ही बंधन एक्स्प्रेस सुरू झाली. २०२२ मध्ये न्यू जलपाईगुडीहून ढाक्याला जाणारी मिताली आली. १५ ऑक्टोबर २०१९ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर भारत आणि बांगलादेश यांचा सामना झाला, तेव्हा ढाक्याचा विद्यार्थी आगगाडीने त्या सामन्याला येऊ शकत होता. बांगलादेशाने आघाडी घेतली होती. गोव्याच्या आदिल खानने ८८ व्या मिनिटाला डोक्याने गोल करून बरोबरी साधली. पुढे २०२४ च्या जुलैत बांगलादेशात आंदोलन पेटले आणि तिन्ही गाड्या थांबल्या. आंदोलन ओसरले, सरकार बदलले, १६ महिने लोटले आणि ढाक्याचा सामना आला, तरी गाड्या उभ्याच होत्या. त्या सामन्यात आपण ०-१ असे हरलो. बांगलादेशाने आपल्याला २२ वर्षांनी हरविले होते.

येथे आमचा मुद्दा आहे. त्या काळात कलकत्ता आणि ढाका यांच्यातली विमाने चालू होती. व्हिसा मिळणे अवघड झाले होते हे खरे. परंतु ज्याला तो मिळाला, त्याला विमानतळाचे दार उघडे होते आणि स्थानकाचे बंद होते. व्हिसा तोच, पासपोर्ट तोच, तपासणारा अधिकारीही त्याच सरकारचा. फरक फक्त भाड्याचा. म्हणजे सीमा सर्वांना बंद नव्हती. ती शिक्षकाला, कारकुनाला, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाला बंद होती. व्यापारी जाऊ शकत होता, संघाचे पदाधिकारी जाऊ शकत होते. ज्याच्या ओरडण्याने मैदानाला मैदानपण येते, तो तेवढा घरी बसून पडद्यावर सामना पाहत होता. सुरक्षिततेच्या नावाखाली घेतलेल्या निर्णयाचा भार नेमका खिसा हलका असलेल्यावर पडावा, हा योगायोग आपल्याकडे फार वेळा घडतो.

सुरक्षिततेचा प्रश्न आम्ही उडवून लावीत नाही. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री पानिपतजवळ समझोता एक्स्प्रेसमध्ये स्फोट होऊन ६८ माणसे मेली. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या भीषण घटनेनंतरही ती गाडी चालू ठेवण्यात आली. ती थांबली २०१९ च्या ऑगस्टमध्ये, दोन सरकारांचे संबंध बिघडल्यावर. बॉम्बने जी गाडी थांबली नाही ती राजकारणाने थांबली. फुटबॉलची गर्दी बेभान होते, असेही म्हटले जाईल. होते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर १६ प्रेक्षकांनी प्राण गमावले, परंतु ते मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात. त्या दंगलीला परदेशाची सीमा लागली नव्हती. उलट, नोंद झालेले, ओळख पटलेले चारपाचशे प्रेक्षक एका गाडीने येत असतील आणि त्याच गाडीने परत जात असतील, तर त्यांच्यावर लक्ष ठेवणे पोलिसांना सोपेच जाईल.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी फार दूर पाहण्याचे कारण नाही. बिहारमधील जयनगरहून नेपाळात जनकपूरमार्गे कुर्थ्याला जाणारी गाडी एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि नेपाळला जाण्यासाठी भारतीयाला पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते. २०२६ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको अशा तीन देशांत विभागून देण्यात आली, तेव्हा यजमान शहरांत व्हँकुव्हर आणि सिॲटल या दोघांची निवड झाली. ती दोन वेगळ्या देशांत असूनही प्रवासी गाडीने जोडलेली आहेत. ते देश श्रीमंत आहेत, मान्य. पण आपल्याकडचे रूळ तर घातलेलेच आहेत.

आणखी एक गोष्ट, जिचा दिल्लीत विचारही झाला नसावा. मैत्री एक्स्प्रेस चालू होती तेव्हाही तिचे तिकीट घरबसल्या मिळत नसे. पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन कलकत्त्यातील ठरावीक खिडक्यांवरच ते काढावे लागे. वऱ्हाडातल्या माणसाने एक रात्र नि एक दिवस प्रवास करून हावड्याला उतरायचे आणि मग पुढच्या गाडीत जागा आहे की नाही हे विचारायचे! चार दिवसांची किरकोळ रजा हाती असलेला शिक्षक असला जुगार खेळत नाही. गाड्या केव्हा ना केव्हा सुरू कराव्याच लागतील. त्या वेळी देशातील कोणत्याही आरक्षण केंद्रावर, कागदपत्रे तपासून, हे तिकीट देण्याची सोय करावी, आणि उभय देशांच्या संघांचा सामना असेल तेव्हा सामन्याचे तिकीट दाखविणाऱ्याला आठवडाभराचा व्हिसा देऊन एखादी विशेष गाडी सोडावी. फुटबॉल महासंघाने हा विषय परराष्ट्र खात्याकडे आणि रेल्वे मंडळाकडे नेला पाहिजे. सामन्यांचे वेळापत्रक कित्येक महिने आधी ठरत असते, तेव्हा तयारीला वेळ मिळाला नाही ही सबब कोणालाच सांगता येणार नाही.

१९९१ मध्ये बांगलादेशाचा मोनेम मुन्ना कलकत्त्यात ईस्ट बंगालकडून खेळला आणि तेथल्या प्रेक्षकांचा लाडका झाला. त्याला पाहायला ढाक्याहून येणाऱ्यांसाठी तेव्हा एकही आगगाडी नव्हती. खेळाडूंनी सीमा ओलांडावी, दूरचित्रवाणीच्या लहरींनी ओलांडावी, कांद्याच्या मालगाड्यांनीही ओलांडावी, आणि प्रेक्षकाने मात्र चित्पूरच्या कोलकाता स्थानकावर उभे राहून रिकाम्या फलाटाकडे पाहावे, ही व्यवस्था नेमकी कोणाच्या हिताची, हे रेल्वे मंत्रालयाने एकदा लोकसभेत सांगावे.