सुजेचे किरकोळ खाते

पेढीवर बसणाऱ्याच्या पायाला सूज आली की घरोघर एकच निदान ठरलेले : वात आहे, बैठकीने आला. मग लेप, शेक आणि वर्षभर वाट पाहणे. सारी उधारी किरकोळ खात्यात टाकणारा मुनीम आम्ही आठ दिवसही ठेवणार नाही. शरीराच्या हिशेबात मात्र तोच आम्हांस चालतो.

वास्तविक परीक्षा सोपी आहे. नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरावा. खळगा तसाच राहिला तर आत पाणी साठले आहे असे समजावे. दोन्ही पाय सायंकाळी सुजतात व जिना चढताना दम लागतो, तर संशय हृदयाचा. सकाळी डोळ्यांभोवती सूज व लघवीला फेस, तर मूत्रपिंडाचा. पोट फुगून हातपाय वाळत चालले, तर यकृताचा. एकच पाय अकस्मात सुजून पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्त गोठल्याचा संभव असतो; तेव्हा पाय मुळीच चोळू नये, दुकान बंद ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अखेरचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

परंतु एका पायाच्या सुजेचे आमच्या भागात आणखी एक जुने कारण आहे. बीदर व कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत हत्तीपाय रोग मुरलेला आहे. गटाराच्या पाण्यात वाढणारा डास तो पसरवितो. जंतू अंगात असूनही कित्येक वर्षे काही जाणवत नाही. पुढे वरचेवर ताप, जांघेत गाठ. सूज आरंभी दबते, नंतर कातडी जाड होऊन खळगा पडेनासा होतो. पुरुषांतील अंडवृद्धी शस्त्रक्रियेने बरी होण्याजोगी असता धोतराआड झाकून ठेवली जाते. जंतू रक्तात रात्री सापडतात, म्हणून रक्ततपासणीही रात्रीच करतात.

2004 साली देशभर सामुदायिक औषधयोजना सुरू झाली. आमच्या पेढीवर गोळ्या आल्या तेव्हा हमालांना आम्ही समोर उभे करून गिळावयास लावल्या आणि स्वतःच्या गल्ल्यात टाकल्या. डास पोते व गादी यांत भेद करतो, असे आम्ही मानले असावे!

काही वडीलधारी मंडळी जीवहिंसेची शंका काढतात. त्यांचा आदर राखून आम्ही म्हणतो, श्रावकाला त्याज्य सांगितली ती संकल्पी हिंसा. रोगापासून स्वतःचे व शेजाऱ्याचे रक्षण करणे त्यात बसत नाही. शिवाय गटार तुंबू न दिले तर डास मारण्याचा प्रसंगही कमी येतो.

यास्तव संघाने अडत बाजारातील गटारे वाहती ठेवावीत, मालक व हमाल यांची रात्रीची रक्ततपासणी एकाच ओळीत करवावी, आणि पुढील वाटपात पहिली मात्रा पदाधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष घ्यावी. गर्भवती, दोन वर्षांखालील मुले व गंभीर आजारी यांना ती देत नाहीत. गोळ्या जेवणानंतर घ्यावयाच्या असतात. ज्यांचा उपवास असेल त्यांनी आपल्या गोळ्या पारण्याच्या दिवशी मागून घ्याव्या.